बारा बाटल्यांची बातमी

येडशीजवळच्या रामलिंगाच्या रानात वाघ आल्याची बातमी मी एकदा छापली नाही. वाघ तिघांनी पाहिला होता, एकाने डरकाळी ऐकली होती आणि एकाची शेळी गेली होती. मी एसटीने येडशीला गेलो आणि ओल्या मातीतला ठसा काडेपेटीने मोजला. ठशापुढे नखांच्या खुणा होत्या. वाघ चालताना नखे आत घेतो, कुत्र्याला ते जमत नाही. शेळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या दावणीला सापडली. गावकरी माझ्यावर बरेच दिवस रागावून होते, कारण वाघ त्यांना हवा होता.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की ज्या बातमीबद्दल लिहायचे आहे तिच्यातही मी मोजले होते. मोजमाप बरोबर आले होते.

मी कळंबला एका सोलापुरी दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. त्याआधी दोन वर्षे त्याच दैनिकाच्या कचेरीत उपसंपादकांच्या हाताखाली दुसऱ्यांच्या बातम्या कापत बसलो होतो. तालुका वार्ताहर काय करतो, हे आता सांगावे लागते. बातमी हाताने लिहून, पाकिटात घालून संध्याकाळच्या सोलापूर गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. सोलापूरच्या स्टँडवर कचेरीचा शिपाई ती घ्यायला उभा असे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अंकांचे गठ्ठे यायचे. ते सोडून विकण्याचे कामही माझेच, कारण वार्ताहर आणि एजंट एकच असे. बातमी लिहिणारा आणि तीच बातमी वाचकाच्या हातात ठेवून तिथल्या तिथे शिव्या खाणारा माणूस एकच. मुंबईच्या पत्रकाराला वाचक दिसत नाही. मला तो रोज स्टँडवर भेटायचा.

उपसंपादकांनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मोजता येते ते मोजायचे. आणि ‘जरा थांबा’ असे जो म्हणेल, त्याच्यासाठी थांबायचे नाही, बातमी त्याच दिवशी द्यायची. या दोन नियमांवर मी पुढची तीस वर्षे काढली. दुसरा नियम मी एकदा पाळायला नको होता, अशी मला शंका आहे. शंकाच आहे. खात्री अजून झालेली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचे ते दुसरे वर्ष होते. तालुक्यातल्या एका गावाजवळ पाझर तलावाचे सरकारी काम चालू होते. गावाचे नाव देत नाही, माणसांची नावे बदलली आहेत. कामावर आसपासच्या गावांतली माणसे होती, तशी कर्नाटकाच्या सीमेकडून आलेलीही होती. पाणी टँकरने यायचे. टँकर चुकला की माणसे नाल्यातला झिरा उकरायची. चैत्र संपता संपता तिथे जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. सरकारी कागदात तिला ‘गॅस्ट्रो’ म्हणत. लोक पटकी म्हणत. तिथल्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले होते, की हीच पटकी गेली दहा-बारा वर्षे एका देशातून दुसऱ्या देशात फिरते आहे, तिला आपला तालुका नवा नाही, आपल्याला ती नवी आहे. मात्र ‘पटकी’ हा शब्द त्यांच्या नावावर छापू नका, असेही ते पुढच्याच वाक्यात म्हणाले होते.

त्यांना आपण डॉ. गोसावी म्हणू. तिशीतला, उंच, कमी बोलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी ते बंगालच्या सीमेवर निर्वासितांच्या छावणीत काम करून आले होते. तिथे ते एक गोष्ट शिकले होते. पटकीचा माणूस जंतूंपेक्षा अंगातले पाणी आटल्याने मरतो. ते पाणी शिरेतून भरता येते, त्याला सलाइनची बाटली लागते. पण ज्याला गिळता येते त्याला उकळलेले पाणी, मापाने साखर आणि मापाने मीठ घालून घोटघोट पाजत राहिले, तरी तो जगतो. त्या काळी आपल्याकडच्या मोठ्या डॉक्टरांनाही हे पटत नव्हते. मजुरांना कुठून पटणार?

मी प्रथम गेलो तेव्हा आरोग्य केंद्रात गेलोच नाही, तलावावर गेलो. दुपारची सुट्टी होती. किसन नावाचा पंचविशीतला मजूर चार-पाच बायाबाप्यांना पेपर वाचून दाखवत होता. तो कालचा अंक होता आणि माझ्याच हातचा विकलेला होता. किसनच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. पुढे तो मॅट्रिकपर्यंत गेला, गणितात अडकला आणि दुष्काळात खडीवर आला. पेपरचा मथळा आणि खालची मुद्रकाची ओळ, दोन्ही तो वाचायचा. मधले काही सोडायचा नाही.

“हे बघा, पेपरवाले साहेब आले,” तो म्हणाला. “साहेब, टँकरचं छापलं ते बरं केलं. पन दवाखान्याचं कवा छापताव?”

“काय आहे दवाखान्यात?”

त्याची बायको गयाबाई शेजारी बसून भाकरी मोडत होती. ती म्हणाली, “काय असतंय? गरिबाला साखरपानी. पावना आल्यावर देत्यात तसं. ह्यो म्हातारा तिकडं मरायला टेकला आन् त्यो डाक्टर त्येला सरबत पाजतोय.”

“मेला का म्हातारा?”

“न्हाय मेला. बसलाय की त्यो बघा.” सगळे हसले. म्हातारा बाभळीखाली बिडी ओढत होता.

“मग?” मी विचारले.

“मग काय मग?” गयाबाई म्हणाली. “त्येचं नशीब. बाटल्या हायेत की कपाटात. कुलपात. चावी डाक्टरच्या खिशात. कुनासाठी राखल्यात त्या? सरबतानं मानूस जगतंय तर बाटली कशाला करत्यात कंपनीवाले?”

किसनने पेपरची घडी घातली. “चेअरमनच्या घरी गेली म्हनं एक,” तो हळू म्हणाला. “आमी सांगून काय उपेग न्हाय, साहेब. तुमी छापलं तर खरं हुतंय.”

हे वाक्य मी त्या वेळी वहीत लिहून घेतले. वार्ताहराला ते सुखावते. त्याचा संशय घ्यायला हवा होता.

सलाइनच्या बाटल्या तेव्हा काचेच्या असत. रिकामी बाटली रॉकेलला फार सोयीची, म्हणून लोक ती मागून किंवा न मागता नेत. आरोग्य केंद्राचे कंपाउंडर रहीमभाई पन्नाशीचे, निजामाच्या काळात नोकरीला लागलेले. त्यांनी रिकामी बाटली जाऊ नये म्हणून एक पद्धत काढली होती. बाटली संपली, की मागच्या भिंतीशी असलेल्या सदाफुलीच्या वाफ्याला ती उलटी रोवायची. दुष्काळात सदाफुली केव्हाच वाळली होती. बाटल्यांची कड मात्र होती. जुन्या बाटल्या गळ्यापर्यंत मातीत गेलेल्या होत्या, नव्या वेगळ्या ओळखू येत होत्या.

साथ सुरू झाल्यावर उस्मानाबादहून एक खोके आले होते, बारा बाटल्यांचे. वापराच्या वहीत अकरा नोंदी होत्या. मी मागे जाऊन कड मोजली. नव्या बाटल्या दहा.

“काय जी, झाडं मोजताव का?” रहीमभाई मागून येऊन म्हणाले.

“अकरावी कुठे आहे, रहीमभाई?”

“फुटली.”

“काचा?”

 त्यांनी टोपी काढून घाम पुसला. “साहेब, खोटं बोलायची सवय न्हाय मला, म्हून जमत न्हाय. ती बाटली दौऱ्यावर गेली. म्याच सायकलवर नेली. कुनाकडं, ते नको पूछो. साहेबांना विचारा.”

‘साहेब’ म्हणजे डॉ. गोसावी. ते ओसरीवर एका बाईची नाडी बघत होते. पाच-सहा रोगी चटईवर होते आणि प्रत्येकाजवळ एक माणूस लोटीने पाणी पाजत होता. ओसरीच्या कोपऱ्यात साखरेचे पोते उभे होते. ते मी पाहिले. वहीत लिहिलेही आहे: ‘कोपऱ्यात साखरेचे पोते’. त्या वर्षी साखर रेशनवर, माणशी वाटीवाटीने मिळत होती. आख्खे पोते आरोग्य केंद्रात कसे, हा प्रश्न शंकेखोर माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. माझा संशय दुसऱ्या दिशेला लागला होता, आणि संशय एका वेळी एकाच दिशेला बघतो.

“एक बाटली केंद्राबाहेर गेली आहे,” मी म्हणालो.

“हो.”

“कुणाकडे?”

“तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर विचारताय.”

“बाटली कुणाला द्यायची, याचा काही नियम आहे?”

“आहे. ज्याला गिळता येत नाही आणि ज्याची नाडी लागत नाही, त्याला. बाकी सगळ्यांना तोंडाने.”

“हा नियम लोकांना सांगितला आहे?”

“नाही. सांगितला तर उद्या निम्मी माणसं डोळे पांढरे करून येतील. किती बाटल्या आहेत तेही सांगत नाही. कपाटात भरपूर आहेत असं वाटतं, तोवर ही माणसं माझ्यावर चिडतात, पण पाणी पितात. एकच आहे असं कळलं तर मारामारी होईल.”

“मग चेअरमनच्या घरातल्या माणसाला गिळता येत नव्हतं?”

डॉक्टरांनी त्या बाईचा हात चटईवर ठेवला. मग म्हणाले, “आठ दिवस थांबा. साथ उतरू द्या. मी सगळं सांगतो, हवं तर सही करून देतो. आज लिहू नका.”

आठ दिवस थांबा, असे मला तोवर तहसीलदार म्हणाले होते, टँकरचा ठेकेदार म्हणाला होता, आणि एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले होते. आठ दिवसांत कागद बदलतात, साक्षीदार गावाला जातात आणि बातमी शिळी होते. मी उपसंपादकांचा दुसरा नियम आठवला आणि तिथून थेट चेअरमनच्या घरी गेलो.

चेअरमन म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन. पीककर्ज, खत आणि रेशनचे दुकान, तिन्ही त्या सोसायटीकडे होते. गडी मोठा बोलका. “या वार्ताहर, या. चहा टाका गं,” म्हणून त्यांनी मला सोप्यात बसवले. आत खाटेवर त्यांची आई होती. खाटेवरच्या खुंटीला रिकामी बाटली अजून टांगलेली होती. म्हातारी बशीतून चहा पीत होती. व्यवस्थित पीत होती, फुंकर मारून.

“आईला लावली,” चेअरमन म्हणाले. “दोन ढाळ झाले, म्हातारं माणूस, जीव घाबरला. डॉक्टरला म्हनलं, बाटली लावा. लावली त्यानं. त्यात काय झालं?”

“तलावावरच्या माणसांना मिळत नाही.”

“त्यांना डॉक्टर हाय की. ज्याचं त्यानं बघायचं.” मग जरा पुढे वाकून म्हणाले, “तुमाला कुनी पाठवलं? विरोधी पॅनेलनं का? सोसायटीची निवडणूक आली, म्हून आता बाटल्या मोजत हिंडायलेत.”

मला कुणीही पाठवले नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. आजही नसेल.

बातमी मी तिथून परतताच स्टँडवर बसून लिहिली. एकही विशेषण नव्हते. बारा बाटल्या आल्या, अकरा वापरल्या, दहा केंद्रात, एक चेअरमनच्या घरी. मजुरांना साखर-मिठाचे पाणी दिले जाते. डॉक्टरांनी दुजोरा दिला, कारण सांगितले नाही. आणि शेवटी, मोजमाप पूर्ण व्हावे म्हणून एक वाक्य: ‘केंद्राच्या कपाटात आता एकच बाटली शिल्लक आहे.’ मथळा सोलापूरला घातला गेला: ‘मजुरांना साखरपाणी, चेअरमनच्या घरी सलाइन’. मथळ्यातही खोटे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा स्टँडवरच संपला. किसन तलावावरून चालत येऊन अंक घेऊन गेला.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रहीमभाई सायकलवर कळंबला आले. शर्ट पाठीला चिकटला होता. सायकल भिंतीला न टेकवता तशीच धरून उभे राहिले.

“चला,” ते म्हणाले.

“कुठे?”

“तुमी लिवलंय, तुमीच येऊन सांगा. साहेबांनी बोलावलंय. मागं बसा.”

वाटेत ते जे बोलले ते तुटक तुटक कळत गेले. पेपर तलावावर वाचला गेला आणि संध्याकाळपर्यंत मजुरांनी पाण्याच्या दोन घागरी ओसरीवर उपड्या केल्या. पाजायला बसलेली माणसे उठून गेली. चेअरमनने निरोप पाठवला, की इथून पुढे साखर कायद्याप्रमाणे, कार्डावर, आणि उरलेले पोतेही उचलून नेले.

“साखर?” मी विचारले.

रहीमभाईंनी सायकल थांबवली. उतरून माझ्याकडे वळले. “तुमाला काय वाटलं, पोतं कुठून आलं? सरकारनं दिलं? सरकारनं बारा बाटल्या दिल्या जी, बारा. दीडशे मानूस हागतंय. साहेब चेअरमनकडं साखर मागायला गेले. चेअरमन बोलला, आईला बाटली लावा, पोती घेऊन जावा. तीन पोती. कार्ड न्हाय, सही न्हाय. साहेब रातभर जेवले न्हाय त्या दिवशी. पन लावली बाटली. म्या नेली.” मग पुन्हा सायकलवर बसताना म्हणाले, “वाफ्यात दहा मोजल्या तुमी. पोती कोन मोजनार?”

 त्या रस्त्याला चढ होता, मी उतरून चालू लागलो.

ओसरीवर गयाबाई होती. दोन दिवसांपूर्वी भाकरी मोडणारा तिचा हात चटईवर पडला होता आणि बोटांची कातडी धुणे धुतल्यासारखी सुरकुतली होती. डोळे खोल गेले होते. शुद्धीवर होती, ओळखत होती, ओठ हलवत होती. किसन तिच्या उशाशी होता. शेजारी पाण्याची लोटी भरलेली होती आणि किसनने तिच्यावर झाकण घातले होते.

“पहाटे आणलंय,” डॉक्टर मला म्हणाले. “गिळता येतंय तिला. सकाळपासून घोटघोट घेतलं असतं तर आत्ता उठून बसली असती. नवरा पाजू देत नाही. मी सांगून थकलो. तो मला म्हणतो, तुमचं पेपरात आलंय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचा वाचक आहे. बघा तुमचं ऐकतो का.”

मी किसनजवळ बसलो.

“किसन, पाणी पाज तिला. मी सांगतो.”

“साहेब, तुमी?” त्याला आश्चर्य वाटले होते. “तुमीच छापलं न्हवं का? गरिबाला साखरपानी म्हून?”

“छापलं. पण ते पाणी औषध आहे. तो म्हातारा त्याच्यावरच उठला.”

“मग चेअरमनच्या आईला का न्हाय पाजलं?”

मी त्याला साखरेच्या पोत्यांचे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“ही कवा कळलं तुमाला?”

“आत्ता. येताना.”

“कुनी सांगितलं?”

“रहीमभाईंनी.”

“आन् त्येंला कुनी सांगितलं? डाक्टरनं.” तो किंचित हसला. “साहेब, राग मानू नका. तुमी दवाखान्यात आल्यावर दवाखान्याचं बोलाया लागलाव.”

“किसन, मी खोटं कशाला सांगेन?”

“तसं न्हाय म्हनत मी. एक सांगा. छापलं ती खरं का खोटं?”

“खरं.”

“समदं?”

“शब्द न् शब्द.”

“मग कपाटात एक बाटली हाय. ती तुमीच लिवलंय.” त्याने खिशातून घडी काढली, ते वाक्य बोटाने दाखवले. “ही खरं हाय, तर माझ्या गयाला ती लावा. न्हायतर पेपरात खोटं हाय म्हना. मी आत्ता पानी पाजतो.”

ओसरीवरची सगळी माणसे बघत होती. बातमी खोटी आहे, एवढे तीन शब्द मी बोललो असतो तर त्याने लोटीवरचे झाकण काढले असते. मला ते तेव्हाही कळले होते. मी लोटी उचलली आणि त्यातले अर्धे पाणी स्वतः प्यालो. त्याने काही साधले नाही. निरोगी माणसाने साखरपाणी प्याल्याने काय सिद्ध होते? किसनने मान हलवली. पण बातमी खोटी आहे, असे मी म्हटले नाही. ती खोटी नव्हती. त्या वेळी मला ते पुरेसे कारण वाटले.

अकराच्या पुढे गयाबाईने डोळे मिटायला सुरुवात केली. डॉक्टरांनी नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. मग खिशातून चावी काढून कपाट उघडले. बाहेर येताना बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

“साहेब,” रहीमभाई म्हणाले, “ही शेवटची.”

“माहीत आहे. ती मरायला टेकल्यावर नियम दाखवत बसू का मी?”

बाटली लागली. अर्धी जाईतो गयाबाईने डोळे उघडले. सगळी गेल्यावर किसनने आपण होऊन लोटीवरचे झाकण काढले आणि पाणी पाजायला सुरुवात केली. बाटली मिळाली होती, आता पाण्याला त्याची हरकत नव्हती. केंद्रात साखर उरली नव्हती. रहीमभाईंनी घरून डबा आणला. ईदच्या शिरखुर्म्यासाठी बायकोने साठवलेली साखर होती ती.

दुपारी तीनला बैलगाडी आली. तलावाच्या दुसऱ्या टोकाला दगड फोडणारा भीमण्णा म्हणून माणूस होता, सीमेकडचा. साठीचा असेल. सोबत त्याची मुलगी महादेवी होती. तिला मराठी अडखळत येत होते. “अप्पा बोलत न्हाय,” एवढेच ती म्हणत होती. डॉक्टरांनी त्याच्या ओठांत पाणी सोडले, ते गालावरून खाली आले. मनगटाला नाडी लागत नव्हती. डॉक्टरांचा नियम ज्याच्यासाठी होता, तो माणूस हाच.

महादेवीने ओसरीवरच्या खुंटीला टांगलेली रिकामी बाटली पाहिली. मग कपाटाकडे पाहिले. चावी कपाटालाच होती, तिथे ती पहिल्यांदाच राहिली होती. डॉक्टरांनी दार पूर्ण उघडून तिला आतले रिकामे फळकुट दाखवले. तिने आत हात घालून चाचपले.

भीमण्णा पाचच्या आत गेला. किसन तेव्हा गयाबाईला पाणी पाजत होता. त्याने मान वर करून पाहिले आणि तो पुन्हा पाजायला लागला. त्या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितले नाही. मीही नाही.

पुढचे थोडक्यात. बातमीने उस्मानाबादला खळबळ झाली आणि दुसऱ्या सकाळी जीप चार खोकी घेऊन आली. आमच्या दैनिकाने ‘आमच्या बातमीचा परिणाम’ अशी चौकट छापली. त्या खोक्यांनी काही माणसे वाचली. ती बातमीशिवाय आली असती का, हे मला सांगता येत नाही. साखर पुन्हा आली नाही. डॉक्टरांनी गूळ वापरला, लोक तो जरा बरा प्यायले. चौकशीत ‘एक बाटली विनापरवाना केंद्राबाहेर’ एवढेच निघाले. साखरेची पोती कुठल्याच कागदावर नव्हती, आणि ती डॉक्टरांनीही काढली नाहीत. काढली असती तर रहीमभाई आणि सोसायटीचा गुमास्ता, दोघे अडकले असते. डॉक्टरांची बदली झाली. निघताना स्टँडवर मला भेटले, अंक विकत घेतला, उघडून वाचत बसले. मला काही विचारले नाही. चेअरमन निवडून आले.

महिनाभराने मी त्या केंद्रात गेलो, तेव्हा वाफ्याच्या कडेला अकरावी बाटली होती. चेअरमनच्या घरी तिच्यात रॉकेल भरले होते. रहीमभाईंनी ते ओतून ती परत आणली होती आणि रोवली होती. जवळ गेले की वास येत असे. तिच्या शेजारी बारावी होती. “मोजा आता,” रहीमभाई म्हणाले. मी मोजल्या नाहीत.

भीमण्णाची बातमी मी दिली नाही. साथीत गेलेल्यांच्या आकड्यात तो एक होता. महादेवी काम संपल्यावर कुठे गेली, ते मी विचारायला हवे होते. पंधरा दिवसांनी विचारले, तेव्हा ती टोळी उठून गेली होती.

किसनला पुढे पंचायत समितीत नोकरी लागली. तो दर वर्षी दिवाळीच्या सुमारास गयाबाईला घेऊन कळंबला माझ्याकडे येतो. त्या बातमीचे कात्रण त्याने प्लास्टिकमध्ये घालून ठेवले आहे. नव्या माणसाला तो ते दाखवतो. “साहेबांनी ही छापलं म्हून डाक्टरला कपाट उघडावं लागलं,” तो सांगतो. “न्हायतर माझी गया राहती व्हय?” गयाबाई मान डोलावते. ती मला ‘दादा’ म्हणते. दर वर्षी मी म्हणतो, “बसा, चहा घ्या.” दुसरे काही मी आजवर म्हटलेले नाही.

वर्तमानपत्रात चूक झाली, की आतल्या पानावर लहान टायपात दुरुस्ती छापायची असते. त्या बातमीची दुरुस्ती कधी छापली गेली नाही, कारण तिच्यात चूक नव्हती. जागा उशिरा मिळाली आहे, म्हणून इथे देतो. एक बाटली केंद्राबाहेर गेली, असे छापले होते. तिच्या बदल्यात तीन पोती साखर आली, हे छापायचे राहिले. कपाटात एकच बाटली शिल्लक आहे, असे छापले होते. ती गिळता न येणाऱ्या माणसासाठी ठेवली आहे, हे डॉक्टरांनी सांगूनही छापायचे राहिले. ती गयाबाईला लागली. तिला पाण्याने भागले असते. भीमण्णाला भागले नसते.

किसन हा दिवाळी अंक दर वर्षी घेतो आणि पहिल्या पानापासून गयाबाईला मोठ्याने वाचून दाखवतो. मधले काही न सोडणारा माणूस आहे तो. या पानावर आल्यावर तो थांबेल की वाचत राहील, याबद्दल मला शंका आहे. यंदा ते दोघे आले तर कळेल. चहा टाकून ठेवणार आहे.